बर्ल टॅकेटच्या गालावरचा डाग

बायकोच्या कपाटातून मोजा घ्यायचा तो एकच घ्यायचा, जोडी घ्यायची नाही, असा निर्णय हार्लन ओव्हरमायरने एका मंगळवारी दुपारी घेतला आणि तिथेच त्याचे ग्रह फिरले. वरवर पाहता त्याचा विचार बिनतोड होता. नायलॉनच्या लांब मोज्यांची जोडी नाहीशी झाली, तर ती चोरी ठरते; एकच मोजा नाहीसा झाला, तर दोष धुलाईयंत्राकडे जातो. (एल्डन फॉल्सच्या पाणीपुरवठा कचेरीत लोकांच्या तक्रारी पलीकडच्या टेबलाकडे पाठवण्यात त्याची हयात गेली होती. दोष कुठे ढकलता येईल, हे त्याला चांगले कळत असे.)

मोजा त्याला स्वतःच्या पायात घालायचा नव्हता, एवढे आधीच सांगून ठेवलेले बरे. तो हवा होता बर्ल टॅकेटच्या तोंडासाठी.

बर्ल टॅकेट हा बेसबॉलमधला एक निवृत्त कॅचर. ओहायोतल्या इतर मुलांनी उत्तुंग टोले मारणारे वीर पूजले. रेडिओला कान लावून हार्लनने मात्र सर्वांच्या मागे उकिडवा बसणारा, जाळीच्या मुखवट्याआडून निमूटपणे चेंडू झेलणारा हा माणूस निवडला. पुढे स्वतः काचेच्या खिडकीआड बसण्याची नोकरी लागल्यावर तर ही निवड त्याला दैवी संकेतच वाटू लागली. खेळाडूंचे फोटो छापून विकल्या जाणाऱ्या कार्डांपैकी टॅकेटची जेवढी म्हणून निघाली, तेवढी त्याने जमवली. या सर्व कार्डांत एक उणीव होती. प्रत्येकात टॅकेटच्या तोंडावर मुखवटा तरी होता, किंवा त्याने उजवीकडे मान वळवलेली होती. संबंध चेहरा दाखवणारे कार्ड एकच निघाले होते आणि नेमके तेच हार्लनला उभ्या आयुष्यात मिळाले नव्हते.

मध्यंतरी ही कार्डे पसरत पसरत लॉरेनच्या काचेच्या कपाटात शिरली आणि तिच्या लग्नातल्या चिनी मातीच्या बशा तळघरात गेल्या. तेव्हा ईस्टरच्या जेवणाला, भाजलेल्या हॅमच्या साक्षीने, लॉरेनने नवऱ्याकडून शपथ घेतली होती.

"आणखी एक कार्ड या घरात आलं ना हार्लन, तर मी टोलीडोला बहिणीकडे निघून जाईन. आणि जाताना मांजर घेऊन जाईन."

मांजराचे नाव निघाले म्हणजे लॉरेन गंभीर आहे, हे हार्लन जाणून होता. त्याने शपथ घेतली आणि ती जवळजवळ पाळलीही. परंतु त्या आठवड्यात दोन गोष्टी एकदम घडल्या. शनिवारी फायर स्टेशनच्या दालनात कार्डांचे प्रदर्शन भरणार असून तिथे स्वतः बर्ल टॅकेट सह्या देण्यास येणार, अशी पाटी लागली. आणि कार्डांचा दुकानदार ओटिस याच्याकडे ते दुर्मिळ कार्ड आले. टॅकेट आता चांगलाच थकला होता. पुन्हा इकडे फिरकण्याचा संभव नव्हता. शपथ काय, ती पुढच्या ईस्टरलाही घेता आली असती.

कार्ड घरी आणून हार्लनने खिडकीशी धरले, तिरपे केले, पुन्हा सरळ धरले. टॅकेटच्या उजव्या गालावर एक तपकिरी डाग होता. शेपूट फुटलेल्या थेंबासारखा. त्याने तत्काळ ओटिसला फोन लावला.

"मेण असेल," पलीकडून ओटिस जांभई देत म्हणाला. "त्या काळी कार्डं च्युइंगगमबरोबर मेणकागदाच्या पुडीत यायची. बायकांचा नायलॉनचा मोजा घ्यायचा आणि हलक्या हातानं घासायचं. आमच्या धंद्यात सगळे तेच करतात. बायको आहे ना घरात?"

"आहे. तोच तर प्रश्न आहे," असे म्हणून हार्लनने फोन ठेवला.

अशा रीतीने मंगळवारी एक मोजा गेला. बुधवारी तो घासून घासून फाटला. डाग होता तिथेच होता. गुरुवारी जेवणाच्या सुटीत, आता दुसरा मोजा विकतच घ्यावा, अशा सद्हेतूने हार्लन मुख्य रस्त्यावरच्या कापडदुकानात शिरला. तिथल्या पायमोज्यांच्या विभागात मिसेस पूल उभ्या होत्या. या बाई रविवारी चर्चच्या गायनात लॉरेनच्या शेजारी उभ्या राहत, हे हार्लनला ठाऊक होते. पण तोवर त्यांनी त्याला पाहिले होते.

"ये, हार्लन. कुणासाठी हवेत मोजे? लॉरेनसाठी?"

"नाही, नाही! तिला यातलं काही कळता कामा नये," हार्लन घाईघाईने म्हणाला. "एका गृहस्थासाठी हवेत."

मिसेस पूलनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला. "गृहस्थासाठी?"

"म्हणजे त्यांच्या पायांसाठी नव्हे हो! तोंडासाठी."

"तोंडासाठी." बाईंनी शांतपणे काउंटरची कड धरली. त्याच आठवड्यात शेजारच्या काउंटीत तोंडाला मोजा बांधून कुणी तरी बँक लुटल्याची बातमी वर्तमानपत्रात आली होती. "आणि हे काम कधी आहे म्हणायचं?"

"शनिवारच्या आत तोंड साफ व्हायला हवं. शनिवारी ते गावात येताहेत. मला आयुष्यात एकदाच संधी आहे बघा." हार्लन काउंटरवर ओणवला. "मऊसे द्या. ओरखडा उठता कामा नये."

मिसेस पूलनी फिकट गुलाबी रंगाची एक जोडी बांधून दिली आणि तो दाराबाहेर पडतो न पडतो तोच फोन उचलला.

"लॉरेन, आधी खाली बस. बसलीस? तुझा नवरा एक तर बँक लुटणार आहे, नाही तर बाहेर त्याचं कुणी तरी आहे. मी तुझ्या जागी असते ना, तर बँकच असू दे, अशी प्रार्थना केली असती."

संध्याकाळी हार्लन घरी आला तेव्हा जेवणाच्या टेबलावर जेवण नव्हते. तिथे लॉरेनचा एकुलता एक उरलेला मोजा नीट घडी घालून ठेवला होता. लॉरेनने हात पुढे केला, हार्लनच्या कोटाच्या खिशातून गुलाबी जोडी काढली आणि ती शेजारी मांडली.

"माझा एक गेला, आणि हे दोन आले. हा रंग मी मेले तरी घालणार नाही. बोल."

हार्लनपुढे आता दोन मार्ग होते. खरे सांगावे, तर शपथ मोडल्याचा गुन्हा पदरात येत होता, टोलीडोची मोटार सुटत होती, मांजर जात होते आणि सर्वांत वाईट म्हणजे ते कार्ड शनिवारपूर्वीच चुलीत जाण्याचा धोका होता. दुसऱ्या आरोपात निदान कार्ड तरी वाचत होते. त्याने छाती पुढे काढली.

"एक बाई आहे," तो म्हणाला.

लॉरेनने त्याच्याकडे पाहिले. त्याच्या उतरत्या खांद्यांकडे पाहिले, कचेरीतल्या शाईने माखलेल्या बाहीकडे पाहिले. मग तिच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज निघाला. हार्लनला वाटले, हुंदका असावा. प्रत्यक्षात ती हसत होती. चष्मा काढून, एप्रनने डोळे पुसून ती हसत होती.

"तू? हवामानाच्या बातम्या चालू असताना खुर्चीत घोरायला लागणारा तू? अरे, तुझ्यावर कोण भाळणार आहे? खरं काय ते सांग. बँकेचं सांग. बँकेचं एक वेळ मी मानेन."

हा घाव मात्र वर्मी लागला. दुखावलेल्या हार्लनने पाकिटातून कार्ड काढून टेबलावर ठेवले आणि मेणापासून मिसेस पूलपर्यंत सारे सांगून टाकले.

लॉरेनचे हसणे थांबले. तिने चष्मा पुन्हा चढवला.

"शपथ मोडलीस."

"मोडली. पण लॉरेन, शनिवारी ते स्वतः येताहेत. लहानपणापासून ज्याचा नुसता रेडिओवरून अंदाज बांधला, त्या माणसाचं तोंड मला पहिल्यांदा दिसलंय, आणि तेही असं डागाळलेलं. असं कार्ड त्यांच्यापुढं कसं धरू?"

लॉरेनने कार्ड उचलले. ते आता चुलीत जाणार, म्हणून हार्लनने डोळे मिटले. पण त्याला आपल्या बायकोची खरी ओळख अजून पटली नव्हती. चर्चच्या पांढऱ्या शुभ्र टेबलक्लॉथवर द्राक्षाचा रस सांडला असता तो अशा काही कौशल्याने काढला की खुद्द पास्टरसाहेबांनी प्रवचनात उल्लेख केला, ती ही लॉरेन. नवरा शपथ मोडून मोकळा झाला, हे ती एक वेळ पोटात घालील; आपल्या घरात आलेला डाग न निघता परत गेला, ही गोष्ट तिला सहन होण्यासारखी नव्हती.

"असा आडवातिडवा घासतात होय?" ती कडाडली. "बाहेरून आत यायचं, गोल गोल. सरक तिकडे. ती माझी नेलपॉलिश काढायची बाटली आण. आणि ऐक, शनिवारनंतर माझ्या बशा कपाटात आल्या पाहिजेत."

तिने गुलाबी मोजा बोटाला गुंडाळला, त्यावर बाटलीतला एक थेंब टाकला आणि ओठ आवळून काम सुरू केले. थोड्या वेळाने डाग फिका पडला. आणखी थोड्या वेळाने गेला. टॅकेटचा गाल न्हाऊ घातलेल्या बाळाच्या गालासारखा झाला. हार्लनच्या डोळ्यांत पाणी आले. नवरा-बायकोंनी मग उभ्या उभ्याच उकडलेली अंडी खाल्ली आणि दोघांनाही ती गोड लागली.

शनिवारी फायर स्टेशनात मोठी रांग होती. कॉफीच्या किटलीपासून लाल बंबापर्यंत माणसे उभी होती आणि मागच्यापुढच्या सर्वांना लॉरेन आपली कर्तबगारी ऐकवत होती.

"हा तर हात टेकून बसला होता. मी काढला. एका बैठकीत. आता कुणाला सांगून खरं वाटणार नाही की तिथं काही होतं."

टॅकेट भिंतीशी टेबलामागे मान खाली घालून सह्या करत होता. ओव्हरमायर दांपत्याची पाळी आली तेव्हा त्याने मान वर केली.

त्याच्या उजव्या गालावर एक मोठा तपकिरी लासा होता. जन्मजात. शेपूट फुटलेल्या थेंबासारखा.

हार्लनच्या हातातून कार्ड सुटले ते थेट म्हाताऱ्याच्या पुढ्यात पडले.

"अरे वा! हे कार्ड!" टॅकेट हरखून गेला. "हे कुठं मिळालं तुम्हाला? माझं स्वतःचं पुरात वाहून गेलं. बाकी सगळ्यांनी मला मुखवट्यात कोंबलं, नाही तर मान फिरवायला लावली. आमची आई म्हणायची, या एकाच कंपनीनं माझ्या पोराला देवानं घडवला तसा दाखव..." त्याने चष्मा लावला. कार्ड डोळ्यांजवळ नेले. मग लांब नेले. "हे पुसलं कुणी?"

रांगेतल्या सर्वांच्या नजरा लॉरेनकडे वळल्या.

"ह्यानं," लॉरेन क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली. "मी किती सांगत होते, नको रे हात लावू."

हार्लन टेबलावर वाकला. "टॅकेटसाहेब, मला वाटलं... मेण आहे. मी तुमचं तोंड कधी पाहिलंच नव्हतं हो."

म्हाताऱ्याने कार्ड खाली ठेवले. मग त्याचा तो लासा हळूहळू वर सरकू लागला, कारण तो हसत होता. त्याने लेखणी उचलून कार्डावर लिहिले, 'हार्लनसाठी. तोंड धुऊन आलो आहे. बर्ल टॅकेट.' त्यानंतर शेजारच्या कपातल्या काळ्या कॉफीत करंगळी बुडवली आणि कार्डावरच्या त्या गोऱ्यापान गालावर हलकेच टेकवली. शेपूटसुद्धा रेखले.

"आता मी मी दिसतो," तो म्हणाला. "पुढचे या."

लॉरेनच्या बशा कपाटात परत आल्या. मात्र मधला एक खण तिने आपण होऊन त्या एका कार्डासाठी मोकळा सोडला. (मोबदल्यात मोज्यांचा विषय पुन्हा काढायचा नाही, असे ठरले.) सोमवारी कचेरीतून सुटल्यावर हार्लन ते कार्ड छातीशी धरून ओटिसच्या दुकानात गेला. सारे गाव हसले तरी चालेल, पण या धंद्यातल्या एका जाणकाराने तरी त्याचे मोल ओळखावे, अशी त्याची इच्छा होती.

ओटिसने भिंग लावून कार्ड उलटसुलट पाहिले. सही पाहून शीळ घातली. मग त्याचे भिंग गालापाशी थांबले आणि त्याने जिभेने चुकचुक केली.

"एरवी लाखात एक आहे रे, हार्लन. पण इथं कुणी तरी कॉफी सांडलीय." त्याने आवाज खाली आणला. "घरात अजून एखादा मोजा असेल ना?"