चार बोटं प्लीहा

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, वैद्यकीय महाविद्यालयाच्या अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत, एका विद्यार्थिनीला रुग्णाच्या पोटात प्लीहा सापडली नाही.

रुग्ण खाट क्रमांक सातवर होता. वय एकोणसाठ, तब्येत ठणठणीत. परीक्षोपयोगी रुग्णांच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे अकरा वर्षांपासून 'प्लीहा वाढलेली, बरगडीखाली चार बोटं' अशी नोंद आहे, त्यामुळे विद्यार्थी त्याला चारबोटे काका म्हणतात. वर्षातून दोनदा, परीक्षेच्या दिवशी, काका इस्त्रीचा शर्ट घालून येतात, स्वतःच पडदा ओढून घेतात आणि शर्ट वर करून आडवे होतात.

"घाबरू नकोस पोरी," काका कुजबुजले. "चार बोटं म्हण. कडक आहे, दुखत नाही म्हण. सगळे सुटतात."

"काका, मला लागतच नाहीये."

"अगं, लागायला कशाला हवी? नुसतं म्हणायचं!"

तिने पुन्हा हात ठेवला. दीर्घ श्वास घ्यायला लावला, कुशीवर वळवलं. प्लीहेच्या जागी तिला वीतभर लांबीचा, टाक्यांचा जुना व्रण दिसला.

"हे काय?"

"तेच ते. सहा वर्षांपूर्वी शिडीवरून पडलो, ती फुटली. काढून टाकली. इथेच, वरच्या मजल्यावर." काका ओशाळले. "खाली कुणाला बोललो नाही. नाव कमी केलं असतं ना. इथे दोन दिवस एवढे डॉक्टर 'श्वास घ्या, श्वास सोडा' म्हणतात. घरी मी श्वास घेतो की नाही, कुणी बघत नाही."

तेवढ्यात बाहेरगावचे परीक्षक आले.

"किती बोटं?"

"एकही नाही, सर. ऑपरेशन करून काढलीय."

परीक्षकांनी स्वतः हात ठेवला, डोळे मिटले, मान डोलावली. "ही काय! चार बोटं. कडक."

"सर, पण व्रण..."

"व्रण विचारलेला नाही."

प्रकरण विभागप्रमुखांकडे गेलं. प्लीहा काढल्याची नोंद वरच्या मजल्यावर होती. मात्र 'अवयव कमी झाल्याचे पत्र' खाली आलेलं नव्हतं, आणि पत्र येईपर्यंत अवयव पटावर राहतो. विभागप्रमुखांनी तिला बाजूला घेतलं.

"हे बघ बाळा, सहा वर्षांत चारशे बारा जण या प्लीहेवर डॉक्टर झाले. ती नसेल, तर ते कोण?"

"पण सर, ती नाहीच."

"तुला डॉक्टर व्हायचंय की बरोबर ठरायचंय?"

"दोन्ही, सर."

अहवालात हे उत्तर 'उद्धट वर्तन' या सदराखाली नोंदवलं गेलं.

दुपारी आईचा फोन आला. "अगं, चार तर चार! दोन वर्षं मान वर न करता अभ्यास करून प्रवेश मिळवलास, तो कुणाच्या प्लीहेपायी घालवणारेस?"

"ती नाहीये गं आई, तेच तर सांगतेय."

"नसेना का! तुला काय ती घरी आणायचीय?"

विद्यार्थिनी ऐकेना, म्हणून तीन प्राध्यापकांची समिती नेमली गेली. पहिल्यांना चार बोटं लागली, दुसऱ्यांना तीन. तिसरे पुढच्या महिन्यात निवृत्त होत असल्याने त्यांना काहीच लागलं नाही. सरासरी दोन पूर्णांक एक तृतीयांश बोटं निघाली. यावरून प्लीहा वेगाने ओसरत असल्याचं स्पष्ट झालं आणि समितीने विभागाच्या उपचारांबद्दल अभिनंदनाचा ठराव मंजूर केला.

तिने सोनोग्राफीसाठी अर्ज दिला. सोनोग्राफीचे डॉक्टर पाच वर्षांपूर्वी याच प्लीहेवर उत्तीर्ण झाले होते. हितसंबंध गुंतलेले असल्याने पडद्याकडे पाहणं योग्य ठरणार नाही, असं त्यांनी प्रांजळपणे कळवलं. त्याऐवजी विद्यार्थिनीच्याच बोटांची संवेदना तपासावी, असा आदेश निघाला. बोटं निर्दोष निघाली. तपासणीचं यंत्र दुरुस्तीला पाठवण्यात आलं आहे.

तिचा निकाल राखून ठेवला आहे. पुरवणी परीक्षेत तिला पुन्हा खाट क्रमांक सातच मिळेल. काकांना तसं पत्र गेलं असून त्यात 'प्लीहेसह वेळेवर उपस्थित राहावे' अशी सूचना आहे. काकांनी पत्राची पोच दिली आहे.

दरम्यान, चारशे बारा जण ठिकठिकाणी रुग्ण तपासत आहेत. परवा तुमच्या पोटावर हात ठेवून ज्यांनी डोळे मिटले आणि "इथे जरा जड वाटतं ना?" असं विचारलं, ते कोणत्या वर्षीचे, याची नोंद उपलब्ध नाही. तुम्ही "हो, जरासं" म्हणालात, एवढी मात्र आहे.