दुप्पट वेगाचं गाणं

पियुषच्या डोक्यात स्लो मोशन शिरलं तेव्हा म्युझिक व्हिडिओ जमा करायला तीन दिवस उरले होते. पियुष, माधवी आणि नागसेन हे अमरावतीच्या एका कॉलेजात मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला होते. शेखर सरांनी प्रत्येक गटाला एक व्हिडिओ करायला सांगितला होता आणि त्याला पन्नास गुण होते. गाणं नागसेनचं स्वतःचं होतं, चाल त्याची, आवाजही त्याचाच. ‘हळू चाल रे जिवा, वाट काही पळत नाही’ असं ते सुरू व्हायचं. पियुष दिग्दर्शक होता, कारण ‘मी दिग्दर्शक’ असं सगळ्यांत आधी तो म्हणाला होता.

"नागसेन शेतातल्या वाटेनं चालत येतो," पियुष कँटीनमध्ये सांगत होता. "धूळ तरंगून राहिली, शर्ट तरंगून राहिला, केस तरंगून राहिले. पण ओठ गाण्यात बराबर."

"सगळं हळू आन ओठ बराबर, हे कसं जमन?" नागसेनने विचारलं.

कॅमेऱ्यातलं कळणारी गटात एकटी माधवी होती. ती रोज अचलपूरहून बसने यायची आणि बसमध्ये बसून मोबाइलवर हेच सगळं वाचायची. तिने समजावलं, की शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं. नागसेनने त्याच वेगाने ओठ हलवायचे आणि त्याच वेगाने चालायचं. मग कॉम्प्युटरवर चित्राचा वेग निम्मा केला, की ओठ मूळ गाण्यावर बसतात आणि बाकी सगळं तरंगायला लागतं.

"म्हणजे हळू दिसायसाठी मी लवकर चालायचं?"

"दुप्पट लवकर."

"पण गाणं त ‘हळू चाल’ हाय."

"म्हणूनच," पियुष म्हणाला. म्हणूनच म्हणजे नक्की काय, ते त्यालाही माहीत नव्हतं.

वाट ठरली वलगावची. नागसेनचं ते गाव, आजी केशरबाई तिथे राहत होती. पण आजीला कळवायचं नाही असं नागसेनने बजावलं. कारण रविवारी शूटिंग होतं आणि रविवारीच त्याच्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये सराव परीक्षा होती. त्याचे वडील धर्मेंद्र अकोल्याला सरकारी कचेरीत होते. ‘व्हिडिओचं शीक, पण क्लास बुडवायचा नाही’ या एका अटीवर त्यांनी या शिक्षणाला होकार दिला होता. रविवारी सकाळीच त्यांचा फोन येऊन गेला होता आणि नागसेनने "हो बाबा, पेपरलेच चाललो" असं सांगितलं होतं.

गावाबाहेर, आजीच्या घरापासून बऱ्याच लांब, हरभऱ्याच्या वावरांमधून जाणारी एक पांदण त्यांनी निवडली. पहिल्यांदा त्यांनी गाणं स्पीकरवर लावलं. दुप्पट वेगात नागसेनचा आवाज उंदरासारखा निघाला आणि हरभरा सोंगणाऱ्या बाया विळे खाली ठेवून हसायला लागल्या. त्या हसतात म्हणून नागसेनला हसू आलं. चार टेक वाया गेले. थोड्या वेळाने बाया वावर सोंगून घरी निघून गेल्या.

पियुषने तोड काढली. गाणं नागसेनच्याच मोबाइलमध्ये टाकलं, मध्येच कोणाचा फोन येऊ नये म्हणून मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून खिशात, आणि कानात बारके इअरबड. वरून केस ओढून घेतले. पियुष आणि माधवी लांबची लेन्स घेऊन पांदणीच्या टोकाच्या पाण्याच्या टाकीवर चढले आणि कठड्याआड बसले. नागसेन एकटा आहे असंच वाटलं पाहिजे, हा दिग्दर्शकाचा आग्रह होता.

"कोणी मधी आलं तरी थांबू नको," त्याने वर चढण्याआधी बजावलं. "ॲक्टिंग सोडायची नाही. गावातली माणसं दिसली त उलट जान येते सीनमध्ये."

नागसेनने थांबायचं नाही असं मनाशी पक्कं केलं.

जानराव हा आजीचा शेजारी. तो मोटरसायकलवरून वावरात चालला होता. समोरून नागसेन येताना दिसला म्हणून त्याने गाडी थांबवली आणि विचारलं, "काय नागसेन, कवा आला?"

नागसेन त्याच्या बाजूने झपाझपा निघून गेला. नजर लांब कुठेतरी, हात झटक्यासरशी छातीवर, मग आभाळाकडे. ओठ भराभर हलत होते आणि आवाज अजिबात नव्हता. पांदण संपल्यावर तो थांबला, वळला, पळत पुन्हा सुरुवातीला गेला आणि तसाच चालत आला. जानरावने हे तीनदा पाहिलं आणि गाडी गावाकडे वळवली.

केशरबाईचा विश्वास बसेना. तिने आधी मुलाला फोन लावला.

"धर्मेंद्र, नागसेन पांदणीत येरझारा घालून राहिला म्हणते."

"माय, तो अमरावतीत पेपर देऊन राहिला. दुसरं कोणी असन."

"थांब, मी पाहून सांगतो."

ती जानरावच्या गाडीवर बसून पांदणीत आली, पाहिलं आणि परत फोन लावला. "नागसेनच हाय."

"तोंड जवळून पाहिलं का तू?"

"तोंडच त थांबून नाई राहिलं."

धर्मेंद्रने नागसेनला फोन लावून पाहिला, तो बंद होता. म्हणून त्याने क्लासला फोन केला. नागसेन परीक्षेला आलाच नाही असं तिकडून कळलं. मग तो गाडीत बसला आणि अकोल्याहून निघाला.

इकडे पांदणीत पाच-सहा माणसं जमली होती. नागसेनला ती दिसत होती. पियुषने माणसं आणली, आता सीनमध्ये जान येणार, असं त्याला वाटलं आणि त्याने हात आणखी जोरात हलवले.

"काकू, हे बाहेरचं हाय," जानराव हळूच म्हणाला. "अचलपूरच्या रस्त्याले एक जाणता हाय, त्याच्याकडे नेऊ."

केशरबाईने त्याच्याकडे पाहिलं. "ते आमच्या घरातून छप्पन सालीच गेलं, जानराव. तू डाक्टरले बोलाव."

टाकीवरून पियुषलाही ही माणसं दिसली. "माधवी, भारी केलं तू. कधी सांगितलं त्यांना?"

"मी नाही सांगितलं. मले वाटलं तू सांगितलं."

"नागसेननं सांगितलं असन मंग."

"असन," माधवी म्हणाली आणि शूट करत राहिली.

डॉक्टर शेषराव गावातले जुने डॉक्टर. ते स्कूटरवरून आले. त्यांनी नागसेनला नाव विचारलं, गाव विचारलं, आज वार कोणता ते विचारलं. नागसेनच्या कानात दुसरं कडवं चालू होतं, त्यामुळे त्याला काहीच ऐकू आलं नाही. तो डॉक्टरांच्या डोळ्यांत पाहून ओठ हलवत राहिला आणि पुढे निघून गेला. डॉक्टरांनी विचारलं, "याची परीक्षा वगैरे आहे का?"

"आजच होती," केशरबाई म्हणाली.

"मग बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले.

पुढच्या फेरीला जानरावने आणि आणखी दोघांनी नागसेनला अलगद धरलं, मोटरसायकलवर मध्ये बसवलं आणि घरी नेलं. नागसेनने गाडीवरही अर्धं कडवं पुरं केलं. गाडी वळून टाकी दिसेनाशी झाली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की हे कथेत नव्हतं.

घरी खाटेवर बसवल्यावर त्याने कानातले इअरबड काढून खिशात टाकले. "आजी, काहून आणलं मले? शूटिंग चालू होतं ना."

"कोन करून राहिलं शूटिंग? तिथं त चिटपाखरू नोतं."

"ते लपून बसले होते."

डॉक्टरांनी खिशातून कागद काढला. "कोण लपून बसलं होतं?"

"माधवी आणि पियुष. टाकीवर. ते माझ्याकडेच पाहत होते."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. "बरं. आणि तुम्ही बोलत काय होता?"

"बोलत नव्हतो. गाणं चालू होतं."

"कुठे?"

"कानात."

केशरबाईने कपाळाला हात लावला. डॉक्टर अगदी मऊ आवाजात म्हणाले, "हे गाणं किती दिवसांपासून ऐकू येतं?"

"तसं तीन महिन्यांपासून. मीच केलं ना ते. पण दुप्पट वेगानं आजच."

"दुप्पट वेगानं," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले. "आणि तुम्ही इतकं भराभर का चालत होता?"

"हळू दिसावं म्हणून."

डॉक्टरांनी पेन बंद केलं. एक गोळी काढून केशरबाईच्या हातावर ठेवली. "हलकी आहे. थोडं अंग जड होईल, मन शांत होईल." नागसेनने गोळी नको म्हटलं, पण केशरबाईच्या डोळ्यांत पाणी होतं. आजीला त्याने आयुष्यात कधी नाही म्हटलं नव्हतं, ते त्याला आताही जमलं नाही. त्याने गोळी घेतली.

पाऊण तासाने पियुष आणि माधवी विचारत विचारत घरी पोचले. दोघांचे चेहरे धुळीने भरले होते आणि माधवीच्या गळ्यात कॅमेरा होता. "नागसेनले उचलून काहून आणलं?" पियुष दारातूनच म्हणाला. मग त्याने खाटेवर बसलेल्या नागसेनला पाहिलं. नागसेन शांतपणे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

"तुमचं नाव?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी माधवी. हा पियुष."

डॉक्टरांनी हातातला कागद पाहिला, मग माधवीला पाहिलं, मग कागदाची घडी करून खिशात ठेवली. "टाकीवर तुम्ही होता?"

माधवीने सगळं सांगितलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवलंही. पडद्यावर डॉक्टर स्वतः नागसेनच्या मागे मागे जात त्याला वार विचारताना दिसले. 

"हे आधी सांगाचं ना, बाई," केशरबाई म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

चहा उकळत होता तेव्हा धर्मेंद्रची गाडी दारात थांबली. तो आत आला, आधी मुलाच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग जानरावकडून, मग डॉक्टरांकडून, मग माधवीकडून ऐकून घेतलं. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. त्यातली एकच त्याला नीट कळली.

"म्हणजे बिमार नाई हा. पेपर बुडवला यानं."

"हो बाबा," नागसेन सावकाश म्हणाला. गोळीने आता चांगला जम बसवला होता. "खोटं बोललो मी."

एवढं हळू आणि एवढं सरळ कबूल झाल्यावर रागवायचं कुठून, ते धर्मेंद्रला कळेना. त्याने कॅमेऱ्यात पाहिलं. त्याचा मुलगा पांदणीत उलटसुलट पळत होता आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. "यासाठी तीन वर्ष?" त्याने विचारलं.

"काका, अजून शेवटचं कडवं राहिलं," पियुष म्हणाला. "उद्या द्यायचं आहे. नाही दिलं त तिघंही नापास."

 केशरबाईने धर्मेंद्रच्या हातात चहाचा कप दिला. "एक परीक्षा त बुडाली," ती म्हणाली. "दुसरी काहून बुडवतं?"

ऊन कलत होतं. सगळे पुन्हा पांदणीत गेले. पण नागसेनला आता दुप्पट वेग जमेना. माधवीने गाणं लावलं, तो पहिल्या ओळीवर असताना गाणं संपलं. दीडपट केलं, तरी मागेच. पियुषने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

माधवी थोडा वेळ नागसेनकडे पाहत राहिली. मग तिने गाणं साध्या वेगावर आणलं, कॅमेराही साध्या वेगावर आणला आणि म्हणाली, "चाल. जसं जमन तसं."

"याले एकट्याले चालू देऊ नका, तोल जाईल," डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून धर्मेंद्र मागे दोन पावलं राहिला. "तुमी फ्रेममधी येऊन राहिले काका," पियुष ओरडला. धर्मेंद्रला फ्रेम म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तो तसाच मागे मागे चालत राहिला, एक हात किंचित पुढे, मुलगा कुठल्याही क्षणी पडेल अशा तयारीत.

पाच दिवसांनी शेखर सरांनी वर्गात सगळे व्हिडिओ दाखवले. या तिघांच्या व्हिडिओत पहिल्या दोन कडव्यांत ओठ पुढे आणि गाणं मागे होतं, आणि एका ठिकाणी कोणीतरी स्कूटरवाले गृहस्थ तरंगत निघून गेले. वर्ग हसला. मग शेवटचं कडवं आलं आणि वर्ग गप्प झाला. सरांनी ते पुन्हा लावलं.

"हे स्लो मोशन उत्तम आहे. कॅमेरा किती वेगावर होता?"

"साध्या, सर," माधवी म्हणाली.

"मग कॉम्प्युटरवर हळू केलं?"

"नाही, सर. काहीच नाही केलं."

सर गोंधळले. त्यांनी तिसऱ्यांदा लावलं, जवळ जाऊन पाहिलं आणि तो विषय सोडून दिला. "आणि मागे चालतात ते नट कोण? कुठल्या नाटकातले आहेत? मागून चालतानाही सगळी काळजी दिसते अंगात. पुढच्या मंगळवारी आपल्या विभागाची शॉर्टफिल्म सुरू होते, त्यात वडिलांचं काम आहे. विचारा त्यांना."

संध्याकाळी नागसेनने भीतभीतच अकोल्याला फोन लावला. आधी क्लासच्या पुढच्या सराव परीक्षेची तारीख सांगितली. मग गुण सांगितले, अडतीस. मग सरांचा निरोप सांगितला आणि फोन कानापासून थोडा लांब धरला.

पलीकडून कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला.

"मंगळवार म्हणजे कामाचा दिवस," धर्मेंद्र शेवटी म्हणाला. "अर्धा दिवस लागन का पुरा? म्हणजे रजेचा अर्ज तसा लिहा लागन."