मेणबत्तीचं अधिकृत उत्तर

शिक्षक जुना झाला की ज्ञान शिळं होतं, आणि शिळं ज्ञान मुलांच्या प्रकृतीला बरं नाही, याबद्दल आता कुणाचं दुमत उरलेलं नाही. (ज्यांचं होतं, त्यांना प्रशिक्षण देण्यात आलं.) भाषेचं एक वेळ चालून जातं. विज्ञान मात्र रोज पुढे जात असतं आणि विज्ञानशिक्षक बिचारा फळा पुसत जागच्या जागी उभा असतो. त्याला पुढे ढकलण्यासाठी शिक्षण खात्याने ‘प्रयोगातून विज्ञान’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम काढला. तो घरबसल्या करायचा होता. प्रयोगशाळेत बसून करण्याची सोय नव्हती, कारण तिथे इंटरनेट पोचत नसे.

आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना शाळेत सगळे प्रयोगबाई म्हणत. हे नाव काही कौतुकाने पडलेलं नव्हतं. बाई शिकवायला लागल्या की वर्गात पाणी सांडे, कसला तरी जळका वास सुटे आणि शेजारच्या वर्गातल्या इतिहासात व्यत्यय येई. मुलं त्यांच्या तासाला कधी दांडी मारत नसत, हा त्यांच्यावरचा दुसरा आक्षेप. अशा बाईंना प्रयोग शिकवण्याची किती निकड होती, हे वेगळं सांगायला नको.

परिपत्रकात सगळं स्पष्ट होतं. महिनाअखेर प्रमाणपत्र नसेल, तर विज्ञान हा विषय काढून घेऊन प्रमाणपत्रधारक सहकाऱ्याकडे सोपवण्यात येईल. शाळेत असा सहकारी एकच होता, खेळाचे सर. त्यांनी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून मैदानाच्या कडेला ठेवला आणि पोरांना लांब उडी मारायला लावता लावता अख्खा अभ्यासक्रम संपवला. शंभरपैकी शंभर. माणूस सरळ, आपल्याला आता खरंच विज्ञान शिकवावं लागतंय की काय, या धास्तीने त्यांना अन्न गोड लागेना.

“बाई, काहीही करा, पण पास व्हा,” ते जिन्यात गाठून सांगत. “घाबरू नका. त्यात विज्ञान अजिबात नाही.”

बाई घाबरल्याच होत्या. आठवीचा वर्ग हातचा जाणार, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती.

अभ्यासक्रमाची रचना मोठी विचारपूर्वक केलेली होती. व्हिडिओ पुढे पळवता येत नसे. मध्येच एक चौकट उघडून विचारी, “आपण लक्ष देत आहात का?” खाली ‘होय’ असं एकच बटण. (‘नाही’चं बटण पहिल्या वर्षी होतं. आकडेवारीला त्रास होऊ लागल्याने काढलं.) खात्याच्या पाहणीनुसार शिक्षकांचं लक्ष अठ्ठ्याण्णव टक्के असतं, उरलेले दोन टक्के वीज गेलेल्या भागातले. बाईंच्या घरी बाई स्वयंपाक करत आणि ‘होय’ दाबायचं काम सासूबाईंकडे होतं.

“अगं, परत विचारतोय मेला.”

“दाबा ना, आई.”

“दाबते. पण याला एकदा सांगून कळत नाही का? आणि हा म्हणे शिकवणार.”

असं सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात ‘मेणबत्ती’ हा धडा आला. पांढरा कोट घातलेल्या एका गृहस्थांनी ‘स्वतः करा, स्वतः पाहा, स्वतः विचार करा’ असा संदेश दिला आणि मेणबत्तीचं चित्र दाखवलं. मग अनिवार्य प्रश्न आला: पाणी घातलेल्या ताटलीत पेटती मेणबत्ती ठेवून वर पेला उपडा घातला, तर मेणबत्ती विझते आणि पाणी पेल्यात चढते. का? (अ) मेणबत्तीने प्राणवायू संपवला, त्याची जागा पाणी घेते. (आ) तापलेली हवा गार होऊन आकसते. (इ) पाण्याला काचेची ओढ असते. (ई) वरील सर्व.

आता योगायोग असा, की हाच प्रयोग बाईंनी नुकताच वर्गात केला होता. एक मेणबत्ती लावली, पाणी थोडं चढलं, मुलांनी पाठ असलेला प्राणवायू एका सुरात सांगितला. शेवटच्या बाकावरची मुलगी, जिला सगळे वकीलबाई म्हणत, तेवढी गप्प होती. मग ती म्हणाली, “बाई, चार लावून बघूया?”

पेला तोच, हवा तेवढीच, म्हणजे प्राणवायूही तेवढाच. पाणी मात्र पहिल्यापेक्षा कितीतरी वर चढलं. आणि चढलं तेही ज्योती विझल्यावर. मुलं भांडली, बाकांवर चढली, फळ्यावर आकृत्या काढल्या. वकीलबाईने पेल्याला हात लावून पाहिला, चटका बसला आणि तिचा चेहराच बदलला. “हवा तापली होती, बाई. ती आता गार होऊन आवळतेय.” त्या दिवशी बाई इतक्या खुशीत होत्या, की बसमध्ये अनोळखी माणसांकडे बघून हसल्या.

तेव्हा बाईंनी (आ) निवडलं. ‘चूक. पुन्हा शिका.’ सबंध धडा नव्याने. परत (आ). परत चूक. सासूबाईंचा अंगठा दुखायला लागला. शेवटी बाईंनी मदतकक्षाला फोन लावला. पलीकडे एक अतिशय गोड आवाज होता.

“मॅडम, तुम्ही व्हिडिओ पाहिला होता ना?”

“पाहिला. पण मी प्रयोगही केलाय. वर्गात. मुलांबरोबर.”

“हां, मग तिथेच गडबड झाली,” आवाज म्हणाला. “प्रयोग करायची सूचनाच नव्हती, मॅडम.”

मुख्याध्यापक समजूतदार होते. ते कुणाचंच मन मोडत नसत, म्हणून तर मुख्याध्यापक झाले. त्यांनी बाईंना बसायला सांगितलं, दार लोटून घेतलं. “अहो बाई, वर्गात शिकवायचं ते वर्गात शिकवा. अभ्यासक्रमाला हवं ते उत्तर तिथे द्या. वर्ग हवाय ना तुम्हाला? खेळाच्या सरांनी परवा मला विचारलं, अणू मोठा की रेणू. मी काय सांगू त्यांना?”

बाई घरी आल्या, सासूबाईंच्या हातातून फोन घेतला आणि (अ) दाबलं. पडद्यावर रंगीबेरंगी कागद उधळले गेले. वैज्ञानिक दृष्टिकोन अंगी बाणवल्याबद्दल त्यांचं अभिनंदन करण्यात आलं. खेळाच्या सरांनी दुसऱ्या दिवशी पोटभर जेवून घेतलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण मेणबत्तीचा धडा सर्वांत जास्त वेळा पाहणारी व्यक्ती म्हणून बाईंचं नाव यादीत पहिलं आलं. (पहिल्या फटक्यात उत्तीर्ण झालेल्यांचा सहभाग ‘साधारण’ ठरला.) इतकी तळमळ पाहून खात्याने त्यांना आदर्श शिक्षक म्हणून निवडलं आणि इतर शिक्षकांसाठी मेणबत्तीचा नमुना व्हिडिओ करून पाठवायला सांगितलं. सोबत मजकूर होताच. तो प्राणवायूचा होता. मुख्याध्यापकांनी शाळेच्या फाटकावर बाईंचा फोटो लावला.

वर्गात कॅमेरा उभा राहिला. बाईंनी ताटलीत पाणी ओतलं, मेणबत्ती पेटवली. वकीलबाई दप्तरातून आणखी तीन काढून पुढे आली.

“आज एकच,” बाई म्हणाल्या.

“पण बाई, एकच लावली तर खरं कळणार नाही.”

“आज एकच, म्हटलं ना.”

मुलगी मेणबत्त्या घेऊन जागेवर गेली. वाद घातला नाही. तिने वाद घालायला हवा होता, असं बाईंना फार वाटलं. मग त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहून प्राणवायू सांगितला. वर्ग त्यांच्याकडेच राहिला. त्यानंतर मात्र कुणी त्यांना आणखी मेणबत्त्या लावायला सांगितलं नाही, आणि शेजारच्या इतिहासाचीही तक्रार आली नाही.

आता वाचकहो, तुम्हाला राग आला असेल. खात्याचा आला असेल, थोडा बाईंचाही. रास्त आहे. फक्त एक विचारायचं होतं. प्राणवायूचं उत्तर चूक आणि गार हवेचं खरं, हे तुम्ही कशावरून मानलंत? तुमच्या शाळेत तुमच्या बाईंनी प्राणवायू सांगितला, तेव्हा तुम्ही मान डोलावलीत. आत्ता आम्ही चार मेणबत्त्या सांगितल्या, तेव्हाही डोलावलीत. ताटली घरात आहे, पेला आहे, पाणी आहे. मध्ये उठून कुणी मेणबत्ती लावून पाहिली? एकानेही नाही. हे आम्ही प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण आम्ही सांगतोय म्हटल्यावर तुम्ही तेही मान्य कराल.