चौथ्या डांबरगोळीचा तपास

"वऱ्हाडात गुप्तहेर दोनच. एक सरकारी, त्याला कोणीच ओळखत नाही. दुसरा मी, मला सगळेच ओळखतात," असे खुशालराव कोणत्याही नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. बडनेरा जंक्शनवर अठरा वर्षे तिकिटे तपासून ते निवृत्त झाले होते. माणूस फलाटावर पाऊल कसे टाकतो, यावरून तो बिनतिकिटाचा आहे की नाही हे आपण ओळखतो, असा त्यांचा दावा होता. या पद्धतीने त्यांनी एकदा स्टेशनमास्तरांच्या सासऱ्याला दोन तास बसवून ठेवले होते. अमरावतीच्या त्यांच्या घरावर पाटी होती: 'खुशालराव, शास्त्रोक्त गुप्तहेर. चोरी, फसवणूक, बेपत्ता माणसे. पत्रिकाही जुळवून मिळतील.'

पाटीवरचा 'शास्त्रोक्त' हा शब्द भाच्यामुळे आला होता. शेषराव नुकताच नागपूरहून बी.एस्सी. होऊन आला होता आणि नोकरी लागेपर्यंत मामांचा मदतनीस होता. मामांच्या तर्कातली चूक त्याला नेहमी दिसे. पण तो तोंड उघडेपर्यंत मामा पुढच्या तर्कावर पोचलेले असत.

मे महिन्यात दोघे अकोल्याला शेषरावच्या थोरल्या बहिणीकडे, शकुनकडे, आले होते. बाळापूरच्या रस्त्याला तिच्या सासरचा भाजीपाल्याचा मळा होता. त्या दुपारी शकुनने एका लग्नाला नेसायचा शालू काढायला ट्रंक उघडली आणि तव्यावरची भाकर उलटायला ती चुलीपाशी गेली. परत आली तेव्हा दीड वर्षाचा पुंजा ट्रंकेत बसून फडक्याची एक पुरचुंडी चोखत होता. कपड्यांना कसर लागू नये म्हणून ट्रंकेच्या चार कोपऱ्यांत डांबरगोळीची एकेक पुरचुंडी ठेवलेली असे. शकुनने पुंजाच्या तोंडातली पुरचुंडी ओढून काढली, दाबून पाहिली. आत काहीच नव्हते. तिने पुंजाच्या तोंडात बोट फिरवले. तिथेही काही नव्हते.

तिचा नवरा किसनराव सायकलवर टांग मारून डॉक्टरांना आणायला गेला.

"मामा, पोट्टं वाचंल ना?" शकुनने विचारले.

"भेऊ नको. केस माह्या हातात हाय."

"म्हणून तर इचारून राहिली." मग ती भावाकडे वळली. "शेषा, तू शिकला ना बापा. एका गोळीनं काय होते?"

शेषरावला नॅप्थलीनचा रेणू आठवला: दहा कार्बन, आठ हायड्रोजन. वितळबिंदू ऐंशी अंश. दीड वर्षाच्या पोराच्या पोटात त्याचे काय होते, हे अभ्यासक्रमात नव्हते.

"ते इख हाय, ताई," तो म्हणाला.

शकुनने पुंजाला उचलून छातीशी धरले. एवढे शिक्षण घेऊन आपण बहिणीला नेमके नको तेच सांगितले, असे शेषरावला वाटले.

खुशालरावांनी पुंजाचे तोंड हुंगले. "डांबरगोळीचा वास हाय."

"फडकं चोखलं त्यानं. वास येईनच," शकुन म्हणाली.

'आरोपीचा अर्धा कबुलीजबाब,' मामांनी वहीत लिहिले. मग भिंग काढून ते पुरचुंडीवर वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत. "शेषराव, इकडं पाय. गाठ बांधलेली हाय."

गाठ खरोखरच घट्ट होती.

"म्हणजे यानं गाठ सोडली, गोळी खाल्ली आणि पुरावा लपवाले गाठ परत बांधली."

"मामा, त्याले चड्डीची नाडी बांधता येत नाही."

"घालते काय तो चड्डी?"

"नाही."

"कावून नाही? नाडी बांधता येते हे लोकाईले कळू नये म्हणून."

पुंजाने त्यांच्या भिंगाला हात घातला. मामांनी तो तर्क सोडून दिला. मग हे बाहेरच्या टोळीचे काम असल्याचे ठरले.

"टोळीनं शालू सोडून गोळी नेली?" शेषरावने विचारले.

"शालू नेला असता तर चोरी उघडी पडली असती."

"याले जांभई आली," शकुन मध्येच म्हणाली. "शेषा, इखानं जांभई येते काय?"

शेषरावने पुंजाची नाडी धरली. ती त्याच्या स्वतःच्या नाडीपेक्षा शांत चालली होती.

एवढ्यात शकुनची सासू माणिकबाई बाजारातून वांगी विकून आली. शकुनने रडत सगळे सांगितले. माणिकबाईने आधी नातवाच्या पोटावरून हात फिरवला आणि मग पुरचुंडी मागून घेतली.

"ही गाठ माही हाय. दिवाळीत बांधली, तवापासून कोणी सोडली नाही. सहा दातानं सुटन काय?"

"मंग गोळी गेली कुठं?" खुशालरावांनी भिंग रोखून विचारले.

माणिकबाईने उरलेल्या तीन पुरचुंड्या सोडल्या. एकीत हरभऱ्याएवढी गोळी, दुसरीतही तेवढीच, तिसरीत तुरीच्या दाण्याएवढी. "दिवाळीत सुपारीएवढाल्या होत्या. उनाळ्यात झिजतेत. पोट्ट्याच्या तोंडातली ही मावळतीच्या भिंतीकडच्या कोपऱ्यातली. तिकडं ऊन तापते, म्हून ही पयले सरली. मागल्या सालीबी अशीच गेली. चोर नाही लागत त्याले."

शेषरावचे कान तापले. घन पदार्थ वितळल्यावाचून थेट हवेत विरतो, यावर त्याने परीक्षेत आकृतीसह दीड पान लिहिले होते. पहिलेच उदाहरण नॅप्थलीनचे दिले होते.

"याले सब्लिमेशन म्हणतेत," तो हळूच म्हणाला.

"म्हणत असतीन," माणिकबाई म्हणाली.

तासाभराने डॉक्टर आले. त्यांनी पुंजाचे डोळे, जीभ, पोट तपासले, गाठ पाहिली, आणि गोळी पोटात गेलेली नाही असे सांगितले. "तरी फडकं चोखलं आहे. दोन दिवस लघवीवर लक्ष ठेवा. काळ्या चहासारखी झाली तर तडक घेऊन या. आणि या गोळ्या त्याचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा."

डॉक्टर गेले तरी शकुन जेवायला बसेना.

"पाळत माह्याकडे," खुशालरावांनी जाहीर केले. दोन दिवस त्यांनी प्रत्येक लंगोट उन्हात धरून भिंगाने तपासला आणि वहीत वेळ मांडली. शेषरावने अठरा नोंदी मोजल्या. मामांच्या कारकिर्दीत तर्कावाचून झालेला हा पहिलाच तपास होता. शकुन दर वेळी विचारी, "कसा हाय?" मामा म्हणत, "साफ." तिचा विश्वास बसत नसे.

तिसऱ्या दिवशी सकाळी खुशालराव पुंजाला मांडीवर घेऊन वही वाचत होते. एकाएकी ते ताठ झाले आणि उठू लागले.

"मामा, हलू नका," शकुन म्हणाली.

तिने त्यांच्या पांढऱ्या धोतराचा ओला सोगा ओढून उजेडात धरला, उलटसुलट करून पाहिला, आणि चुलीपाशी जाऊन दोन भाकरी खाल्ल्या.