एक कप चहाएवढा वेळ

शमुवेलमामा गाडीच्या कॉइलचा ताप बघायचे. थट्टा नाही. आई पोराच्या कपाळाला लावते तसा उलटा हात. गाडीची किल्ली चालू, इंजीन बंद, उजवा हात ठिणगी पाडणाऱ्या त्या कॉइलवर आणि डाव्या हातात स्वतःच उकळलेल्या चहाचा कप. चहा संपेपर्यंत कॉइल गार राहिली, तर गाडी ताब्यात मिळणार. कोमट लागली, की सगळं वायरिंग पुन्हा उकलणार. मग गिऱ्हाईक पुढारी असो नाहीतर दूधवाला.

संगमनेरात नाशिक रस्त्याला त्यांची गाड्यांच्या वायरिंगची पत्र्याची शेड होती, मागे लागून घर. मी नंतर राहायला आलेला शेजारी. हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो आणि धीर या गोष्टीशी माझं लहानपणापासून वाकडं. मामा फुंकून फुंकून चहा पिऊ लागले, की माझाच जीव कासावीस व्हायचा.

"मामा, एका घोटात प्या की!"

"जीभ माजी हाय, गाडी त्यांची. दोनी भाजून कसं चालंल, मास्तर?"

बरं, घरात मार्थामामी असताना चहा हे स्वतःच का करतात? मामी तर शेडमध्ये पाऊलही टाकत नसत. "मामी संपावर गेल्यात वाटतं," असं मी दहा वेळा चिडवलं असेल. मामा नुसते हसायचे.

पण माणूस कारागीर! पन्नास वायरींत हरवलेला करंट वासावरून शोधायचा. म्हणूनच कापडवाल्या पप्पूशेठने जीप त्यांच्याकडे आणली. त्याच्या मावसभावाने परदेशातून एक डबा पाठवला होता. इंजिनाचा कॉम्प्युटर! त्या काळी गावात कॉम्प्युटर फक्त कॉलेजात, तोही बंद काचेच्या खोलीत, चपला बाहेर काढून बघायचा. सवयीने मीही शेडच्या दारात चपला काढल्या. हा डबा कॉइलला हुकूम देणार, कॉइल ठिणगी पाडणार, आणि रविवारी पप्पूशेठ नाशिकला शर्यत मारणार.

डब्यासोबत इंग्रजी पुस्तक होतं. ते वाचून सांगायला मी.

"एक बी वळ गाळू नका, मास्तर," मामांनी बजावलं.

दोन तास मी वाचत होतो, मामा एकेक वायर जोडत होते. वर पत्रा तापलेला, समोर पप्पूशेठ सारखा घड्याळ बघतोय. शेवटी बारीक अक्षरातली एक टीप आली. हे असलं कोण वाचतं?

"बाकी विशेष काही नाही," मी म्हणालो.

"जे इशेष न्हाई, ते वाचा."

"अहो, नाही म्हटलं ना! उरका आता!"

मामांनी कॉइल जोडली, किल्ली फिरवली, हात ठेवला. अर्धा कप झाला असेल. मीही बॉनेटवर वाकून बघत होतो. एकाएकी मामांनी कप टाकला, मला खांद्याने असा धक्का दिला की मी टायरवर जाऊन पडलो, आणि बॅटरीची वायर उपसून काढली.

"मागं व्हा समदी!"

हा आवाज मी मामांचा कधीच ऐकला नव्हता. मी गुपचूप पुस्तक उचललं आणि ती टीप वाचली. कॉइल जोडण्याआधी डब्यावरचं बारीक बटण गाडीप्रमाणे बसवा, उलटं राहिलं तर इंजीन बंद असतानाही कॉइलमध्ये करंट वाहत राहील. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलो, मामा."

मामा माझ्याशेजारी बसले. "अकरा वर्सं झाली. मी असाच घाईत हुतो. किल्ली चालू ठिवली अन् गिऱ्हाईकासंगं गप्पा हाणत बसलो. मार्था चहा घेऊन आली, बगाया वाकली. जुनी कॉइल, आत तेल. तापून फुटली. डावा डोळा गेला तिचा. तवापासनं ती हितं येत न्हाई. मला एक सबूद बोलली न्हाई, मास्तर. बोलली असती तर बरं हुतं."

मामींचा तो डोळा मी जन्मापासूनच अधू समजत आलो होतो. पप्पूशेठने घड्याळ मनगटावरून काढून खिशात टाकलं.

नुसतं बटण फिरवलं असतं तरी भागलं असतं. पण मामांनी दोन दिवस घातले. मध्ये करंट आपोआप जोडणारा-तोडणारा एक रिले बसवला, म्हणजे इंजीन फिरू लागल्याशिवाय कॉइलला करंट मिळणारच नाही. "बटन उलटं बसू द्या, किल्ली इसरू द्या, मास्तर चुकू द्या. कॉइल गार ऱ्हायली पायजे." माझ्यावरचा टोमणा मी निमूट गिळला.

शनिवारी परीक्षा. पप्पूशेठही हजर. मामांनी मुद्दाम बटण उलटं केलं, किल्ली चालू केली, हात ठेवला आणि मला चहासाठी स्टोव्ह पेटवायला सांगितलं. तेवढ्यात मागचं दार वाजलं. मार्थामामी! हातात चहाचं ताट.

"अगं, तितंच थांब!" मामा ओरडले.

मामी थांबल्या नाहीत. ताट त्यांनी माझ्या हातात दिलं. "परवाचं समदं ऐकलं म्या. पत्राच हाय मधी, भिंत न्हाई. अकरा वर्सं त्या कॉइलला ईचारताय, तापली का म्हनून. मला एकदा ईचारायचं हुतं."

"तू भ्याली असशील म्हनून..."

"मी कशाला भिऊ? मी आले की तुमचं त्वांड मेल्यावानी व्हायचं. ते बगवत नव्हतं."

आणि त्या वाकल्या. एकच डोळा इंजिनाजवळ नेला आणि मामांच्या हाताशेजारी आपला हात कॉइलवर ठेवला. मामांनी डोळे मिटले. ओठ हलत होते, प्रार्थना करत असावेत.

"गार हाय," मामी म्हणाल्या. "च्या घ्या आता."

मामांनी कप घेतला, पण गालावरून ओघळणारं पाणी पुसायला त्यांच्याकडे मोकळा हात नव्हता. कॉइलवरचा हात काही त्यांनी काढला नाही. मामींनीही काढला नाही.

पप्पूशेठ किल्लीसाठी पुढे सरकला. मी त्याला डोळ्यांनी दटावलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा चहा फुंकून फुंकून, होता होईल तितका हळू प्यायलो.