तीव्र चिंता

गुप्ते काकांना मी पहिल्यांदा जेवायला बोलावलं, तेव्हा आमटीचा एक घोट घेऊन ते म्हणाले, "मी चिंता व्यक्त करतो." दुसऱ्या घोटाला म्हणाले, "तीव्र चिंता." मीठ दोनदा पडलं होतं. मी नागपूरची. आमच्याकडे सरळ "खारट झाली" म्हणतात आणि वर चार शब्द ऐकवतात. पण काका जर्सी सिटीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहायचे, मुलगी लांब कॅलिफोर्नियाला, त्यामुळे त्यांच्या चिंता ऐकण्याचं काम शेजारधर्म म्हणून माझ्या गळ्यात पडलं.

त्यांची ती शिडीच होती. चिंता, तीव्र चिंता, खेद, निषेध. लिफ्ट बंद पडली की चिंता. वरच्या मजल्यावरच्यानं रविवारी सकाळी ड्रिल मशीन लावलं की खेद.

"आणि काका, निषेधाच्या वर काय?" मी एकदा विचारलं.

"वर काही नसतं. निषेध झाला की लंच ब्रेक."

काका मूळचे ठाण्याचे, जुने स्टेनो. शॉर्टहँडच्या जोरावर ऐन पंचविशीत न्यूयॉर्कला आले. देशोदेशीचे मुत्सद्दी जिथे भांडायला जमतात, तिथे कोपऱ्यात बसून त्यांचं बोलणं उतरवून घेण्यात त्यांनी तीस वर्षं घालवली. कोण काय म्हणालं ते जसंच्या तसं. पदरची एका शब्दाची भर नाही. याचा त्यांना इतका अभिमान, की "आई लवकर लग्न कर म्हणाली," असं मी सांगितलं तर विचारायचे, "'लवकर' म्हणाली, की 'आता तरी' म्हणाली? नीट सांग. एवढ्यावरून युद्धं होतात."

आणि झालंच. आमच्या मराठी मंडळाच्या मीटिंगची मिनिट्स लिहायला कुणीतरी भोळेपणानं काकांना सांगितलं. पुढच्या मीटिंगला काका उभं राहून खणखणीत आवाजात वाचू लागले, "अध्यक्ष म्हणाले, गेल्या गणपतीत बटाटेवडे कच्चे होते. सेक्रेटरी बाई म्हणाल्या, तुमच्या मिसेसनीच तळले होते. अध्यक्ष म्हणाले, तिचं नाव काढायचं काम नाही. खुर्ची पडल्याचा आवाज." त्या वर्षी आमच्याकडे दोन गणपती बसले.

"काका, थोडं गाळायचं ना यार!"

"गाळणं माझ्या कामात बसत नाही," काका म्हणाले आणि दोन्ही गणपतींना मोदक घेऊन गेले.

रिटायर झाल्यावर त्यांना एक शेवटचं काम मिळालं होतं, श्रीलंकेच्या शांतता-वाटाघाटींचं. तिथे युद्धबंदी झाली होती. सरकार आणि तमिळ बंडखोर थायलंडमध्ये समोरासमोर बसले होते आणि काका मधे वही घेऊन. सरकारी बाजूचा टायपिस्ट निमल, पलीकडच्या बाजूचा सेल्वम. दोघेही तिशीतले. मोठे लोक दिवसभर एकमेकांकडे बघायचे नाहीत. संध्याकाळी मजकूर ताडून बघायला हे दोघे मात्र काकांच्या खोलीत एकाच पलंगावर मांडी घालून बसायचे. निमलला मुलगी झाल्याचा फोन आला, तेव्हा सेल्वमनं हॉटेलच्या आचाऱ्याला पटवून शिरा करवून आणला. हे सांगताना काका अगदी खुलायचे.

२००६ साली लढाई पुन्हा पेटली. उत्तरेकडे, बंडखोरांच्या भागात जाणारा रस्ता बंद झाला. एका बाजूच्या माणसानं दुसऱ्या बाजूला फोन करणं म्हणजे गद्दारी, त्यामुळे दोघेही आपापल्या जागेवरून जर्सी सिटीला फोन करायचे. काका इकडचा निरोप तिकडे द्यायचे. अर्थात, जसाच्या तसा. मग ऑगस्टमध्ये सेल्वमचे फोन थांबले.

काकांनी जुन्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या तरुण अधिकाऱ्यानं आदरानं त्यांना त्या दिवशीचं निवेदन वाचून दाखवलं. तीव्र चिंता. दोन्ही बाजूंनी संयम बाळगावा.

फोन ठेवून काका म्हणाले, "हे वाक्य मी कितीदा टाइप केलंय गं. देशाचं नाव तेवढं बदलतात."

त्या दिवसापासून त्यांची शिडी बंद झाली. माझी आमटी खारट झाली तरी गप्प खायचे. मला इतकं वाईट वाटलं, की एकदा मी मुद्दाम मूठभर मीठ घातलं. काकांनी ताटली स्वच्छ केली.

निमलचा फोन दर शनिवारी सकाळी यायचा. एका शनिवारी मी डबा द्यायला गेले, तर काका इंग्रजीत सांगत होते, "हो, सेल्वम बोलला. तुझी मुलगी शाळेत जायला लागली का, विचारत होता."

"लागला फोन?" मी आनंदानं विचारलं.

"ऑगस्टपासून नाही," रिसीव्हर ठेवत काका म्हणाले.

मला रागच आला. ज्या माणसानं एक बटाटावडा गाळला नाही, तो खोटं बोलतो?

"अहो, पण का?"

"तो विचारतो ना. आणखी किती वेळा नाही म्हणू?" काका माझ्याकडे बघेनात. "नाही म्हटलं तर काय समजायचं ते समजेल तो. मग त्याच्या लेखी पलीकडे ओळखीचं कुणीच उरणार नाही."

मी डबा उघडून त्यांच्यासमोर ठेवला.

पुढच्या वर्षी थंडी सरता सरता निमलचा फोन अवेळी आला, मंगळवारी. मला सर्दी होती, म्हणून घरीच होते आणि काकांकडे काढा प्यायला बसले होते. फोन स्पीकरवर होता. निमलचा धाकटा भाऊ सैन्यात होता. उत्तरेत मारला गेला होता. निमल खूप वेळ काहीबाही सांगत राहिला. मग म्हणाला, "गुप्ते सर, सेल्वमला कळलं का? काय म्हणाला तो?"

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यभर जगाचं बोलणं उतरवलेल्या माणसाला एक वाक्य सुचेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं.

"त्याला बोलता आलं नाही, निमल," शेवटी ते म्हणाले. "फोनवर नुसता रडत होता."

मग निमल हळूच म्हणाला, "त्याला सांगा, माझ्या मनात त्याच्याबद्दल काही नाही. म्हणावं, जपून राहा."

"सांगतो," काका म्हणाले. सवयीनं त्यांनी ते दोन वाक्यांत उतरवून घेतलं, बाजूला वेळ घातली आणि फोन बंद केला.

मग लहान मुलासारखं माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "हे आता मी कुणाला सांगू गं?"