हसनचाचांचा इमानी रंग

आमच्या गल्लीत कुणाच्या मनगटावर मातकट रंगाचे तीन-चार ठिपके दिसले, की समजायचे, हा हसनचाचांकडे फोटो काढून आला.

त्या काळी फोटो काळा-पांढराच निघे. रंग नंतर हाताने भरावा लागे. चाचा घरातच फोटो छापत आणि घरातच रंगवत. रंग कालवला की आधी समोरच्या माणसाच्या मनगटावर एक ठिपका ठेवत. ठिपका दिसला तर रंग चुकला. पुन्हा कालवत. ठिपका कातडीत मिसळून दिसेनासा झाला, की म्हणत, "आते रंग इमानी व्हयना." म्हणजे, आता रंग खरा झाला. बायकांच्या मनगटावर ठिपके ठेवायचे काम त्यांची मुलगी जैनबआपा करी. ती वडिलांकडेच राही. विधवा असावी, असे मी आपले धरून चाललो होतो. विचारायचे धाडस झाले नाही.

मी रनाळ्याचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिलाच. नंदुरबारला चाचांच्या समोरची खोली भाड्याने घेतली होती आणि सुटीच्या दिवशी त्यांच्या ओट्यावर बसून त्यांचे काम बघायचो.

चाचांचे घराणे कापड रंगवणाऱ्यांचे. स्वयंपाकघराच्या खिडकीला गोधडी लावून अंधार करत आणि फोटो छापत. उन्हाळ्यात फोटो धुण्याच्या औषधाचे पाणी तापू नये म्हणून ताटली माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवत. छापतानाच चेहरा काळवंडला, तर वरून रंग तरी काय करणार? असा फोटो ते सरळ फाडत. रंगवत मात्र भर दुपारी, ओट्यावर. संध्याकाळी कुणी घाई केली तर म्हणत, "कंदीलना उजेडमा म्हैस बी गाय दिखस. दुपारले ये."

साडीचा रंग तोंडी सांगितलेला चालत नसे, साडीच आणावी लागे. एकदा मिरचीच्या एका व्यापाऱ्याचे नाक त्यांनी लाल रंगवले.

"चाचा, हे काय केलं?" व्यापारी ओरडला.

"नाक तुन्हं शे, रंग बी तुन्हाच. मी फक्त दखाडं."

व्यापारी फोटो न घेताच गेला. चाचांनी तो ओट्यावर टांगला. जाणारे-येणारे फोटोला रामराम करू लागले, तेव्हा दोन दिवसांत व्यापारी येऊन गुपचूप घेऊन गेला.

माझ्या बहिणीचे, कमलचे, लग्न जमवायचे होते. धडगावच्या कचेरीतल्या एका कारकुनाचे स्थळ होते, त्याच्या घरच्यांनी तिचा रंगीत फोटो मागितला होता. कमल सावळी. वडील तिला घेऊन नंदुरबारला आले, फोटो निघाला, जैनबआपाने ठिपके ठेवले, आणि वडिलांनी मला बाजूला घेतले. "चाचाले सांग, पोरले जराशी गोरी कर. तू शिकेल शे, तुन्हं ऐकी तो."

मी गेलो. बराच वेळ चुळबुळ केली आणि एकदाचे बोललो, "चाचा, बहिणीच्या लग्नाचा प्रश्न आहे. थोडा उजळ रंग दिला तर..."

"नही."

"सगळेच फोटोवाले करतात."

"मंग त्यासनाकडे जाय."

"चाचा, एका मुलीच्या जन्माचा प्रश्न आहे हो!" माझा आवाज चढला. त्याची मला आजही लाज वाटते.

चाचा हातातला ब्रश पुसू लागले. बोलली ती जैनबआपा, दारातून. "मन्हा फोटो अब्बानीच गोरा करेल व्हता, भाऊ. निकाह व्हयना, सासूनी मन्हं तोंड देखं आनि इचारं, फोटोमातली पोर कोठे शे? तीन महिनामा परत धाडं."

चाचा ब्रश लुंगीला पुसत राहिले. तो केव्हाच कोरडा झाला होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आते सांग. किती गोरी करू?"

"आहे तशीच," मी म्हणालो.

फोटो बघून वडील आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तरी तोच फोटो धडगावला गेला, कारण कमलच म्हणाली, "हाऊच जाई. नहीतर मी लगीनच करत नही."

धडगावहून नकार आला.

चाचांना सांगायचे मी टाळत राहिलो. शेवटी गेलो. ते ओट्यावर एका म्हाताऱ्याच्या मनगटावर ठिपका ठेवत होते. मी खाली बघून सांगितले. वाटले, आता कारकुनाच्या सात पिढ्यांचा उद्धार होणार.

त्यांनी एवढेच विचारले, "पोर रडनी का?"

"नाही चाचा. म्हणाली, बरं झालं, आताच नाही म्हणाले. घरात नेऊन म्हणाले असते तर?"

चाचा उठले. म्हाताऱ्याला तसेच हात पुढे करून बसवून आत गेले. आमच्याशी ते नेहमी आमच्या बोलीत बोलत. आतून ऐकू आले ते त्यांच्या घरातले बोलणे होते, आणि आवाज ओळखू येत नव्हता.

"जैनब... रोई नहीं वो लडकी. सुना, बेटी? रोई नहीं."